बिनफोडणीची वाटी

तार आली तेव्हा मी वरणाची एक वाटी नुकतीच बाजूला काढून ठेवली होती. आमच्याकडे कित्येक वर्षं हाच नियम. आधी एक वाटी साधं वरण काढायचं, मग पातेल्यातल्या उरलेल्याला फोडणी द्यायची. ती वाटी श्रीधरभाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची. परीक्षेचे पेपर तपासायला ते उदयपूरला गेले होते आणि त्या दिवशी सकाळच्या गाडीने परत यायचे होते. कडी वाजली. मी शेगडीपाशी बसूनच ओरडले, "भाऊजी, आधी पाय धुवा, ताक झाकून ठेवलंय..." कडी पुन्हा वाजली. पदराला हात पुसत दार उघडलं तर तारवाला. तार इंग्रजीत होती. इंग्रजी मला वाचता येतं, मोडकंतोडकं, पण येतं; भाऊजींनीच शिकवलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडून. त्यांनी गिरवून घेतलेल्या अक्षरांत त्यांच्याच मरणाची बातमी मी वाचली. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. आत आले तर फोडणीचं तेल तापून धुरायला लागलेलं. ते उतरवलं.

याला आता पाच आठवडे झाले. मध्यंतरी त्यांच्या कॉलेजात शोकसभा झाली. मी पहिल्या रांगेत बसले होते. प्राचार्य म्हणाले, आदर्श शिक्षक गेला. एक प्राध्यापक म्हणाले, चहा घेतला की कपबशी स्वतः विसळून ठेवणारा माणूस. आणखी एकांनी त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं. खोटं कुणीच बोललं नाही. पण चाळीस-पन्नास मिनिटं चाललेल्या त्या सभेत देवीच्या साथीचा शब्द नाही, हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीचा शब्द नाही. उलट आरोग्य खात्यातल्या एका बड्या साहेबांनी झेंडूचा जाडजूड हार पाठवला होता, तो तसबिरीला घातलेला. तो हार पाहिला मात्र... जाऊ द्या. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायचं तर गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं, ही रीत मला कळते. पण भाऊजींना गुळचट काही रुचायचं नाही. आणि एक गोष्ट अशी आहे की जी मी त्यांना कधी सांगितली नाही. ती आता कुठेतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी आमच्या ह्यांची विम्याच्या ऑफिसातून जयपूरला बदली झाली. वर्षभराने भाऊजींनाही इथल्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली आणि ते आमच्याकडेच राहायला आले. तेव्हा आमचं बिऱ्हाड परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, आत होतं, एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते भाऊजींच्या पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता. त्यांना एकट्याने विचार करता यायचा नाही. कॉलेजातून आले की उंबऱ्याशी पाट टाकायचा आणि मी पोळ्या लाटत असेन तर माझ्याशीच वाद घालायचा. मी म्हणायचे, "अहो, मला काय कळतंय त्यातलं?" त्यावर ते म्हणत, "वहिनी, तुम्हाला कळेपर्यंत मलाही कळलेलं नसतं." एकदा सरकारने गव्हाचा भाव बांधून दिला आणि आठ दिवसांत बाजारातून गहू गडप झाला. मी कुरकुरले तर म्हणाले, "भाव बांधला की माल आधी दडतो. धमकी दिली की आणखी खोल दडतो. हे लिहून ठेवा, पुढे कामाला येईल." हे वाक्य मी विसरले नाही. ते मात्र विसरले... पण ते पुढे.

आमच्या समोरच्या घरात गुलाब राहायची. तिचा नवरा नगिने, म्हणजे अंगठीतले खडे, घासायचा, सकाळपासून त्याच्या सानेची, घासायच्या चाकाची, घरघर चालू. गुलाब माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, जिभेची तिखट. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "भाभीजी, आप लोग दाल में गुड़ डालते हो? राम राम, दाल है कि खीर?" आणि मग रोज एक वाटी आमटी मागून न्यायची! तिला एकच मुलगी, चंदा. बापाच्या सानेखाली पडलेले दगडाचे तुकडे गोळा करायची आणि जिना चढून भाऊजींपुढे मूठ उघडायची. "मास्टरजी, बताओ, असली कि काँच?" भाऊजी चष्मा काढत, तुकडा उजेडाला धरत, दोन मिनिटं गंभीर होऊन बघत आणि म्हणत, "असली. सँभाल के रखना, राजाजी ढूँढ रहे हैं." चंदा तो तुकडा गालात धरून पळायची. माझ्या पोटी मूल नाही. भाऊजींनी लग्न केलं नाही. तेव्हा त्या पोरीचं आमच्या जिन्यावर चढणं-उतरणं म्हणजे काय होतं, ते वेगळं सांगत नाही.

दर वर्षी फाल्गुन लागला की गल्लीत देवी यायच्या. आपल्याकडेही येतात, नवं काही नाही. पण इथे तेव्हा देवी फार. चीनशी लढाई झाली त्याच्या आधीचं एक वर्ष तर फार वाईट गेलं. भाऊजींना एका डॉक्टर मित्राने एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं, साथ कशी चढते आणि कशी उतरते याचं गणित मांडलेलं. आठ दिवस ते त्यातच बुडालेले. मग एका संध्याकाळी पाटावर बसून म्हणाले, "वहिनी, हे डॉक्टर लोक माणसांना गोट्या समजतात. बरणीत गोट्या हलवल्या, लाल गोटी पांढरीवर आपटली, की पांढरी लाल. झालं गणित. पण माणूस गोटी नाही हो. साथीची बातमी कानावर आली की तो गावाकडे पळतो. शेजाऱ्याने टोचून घेतलं की हा म्हणतो, मग मला कशाला? घरात रोग आलाय असं सांगितलं तर काय गमवावं लागेल, याचा तो आधी हिशोब करतो. बाजारात वागतो तसाच तो साथीत वागतो. मग आमचं शास्त्र इथे का चालू नये?" मी म्हटलं, "चालेल की. पण आधी रोग कुठल्या घरात आहे ते तरी कळू दे. सरकारी माणूस दिसला की इथल्या बायका ठार खोटं बोलतात."

आणि ते खरंच होतं. कळवायचं कुणी? कळवलं की आजारी माणसाला उचलून शहराबाहेर माळावरच्या छपरात नेत. आईला बरोबर जाऊ देत नसत. अंथरूण-पांघरूण जाळत. घरच्या पुरुषाला कामावर कुणी उभं करत नसे. पूर्वी ज्या घरी माता आली त्याच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला असायचा. इन्स्पेक्टर तो डहाळा बघत फिरायला लागल्यावर बायकांनी तो आत, पलंगाच्या पायाशी बांधायला सुरुवात केली. भाऊजी वैतागून म्हणाले, "म्हणजे काहीच खूण उरली नाही." मी हसले. मी म्हटलं, "खूण आहे. तुम्हा पुरुषांच्या नाकाला ती कळत नाही एवढंच."

सांगते. घरात देवी आल्या की फोडणी द्यायची नाही, तळण करायचं नाही. देवीच्या अंगाची आधीच आग होत असते, तिला फोडणीचा चटका बसतो. हे आपल्याकडे आहे आणि इथेही अगदी तसंच. दाराचा डहाळा माणसाला दिसतो, तो लपवता येतो. पण फोडणी देवीला कळते. ती द्यायची छाती कुठल्या आईची होणार? संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी गल्लीतून चालत गेलं की घराघरातून हिंग-जिऱ्याचा, लाल मिरचीचा वास अंगावर येतो. मधेच एखादं घर लागतं, चूल पेटलेली आहे, धूर आहे, आणि वास नाही... मला ते रोज जाणवायचं. मी भाजी आणायला जायचे तेव्हा मनात नोंद व्हायची, या घरी माता आहे हो. भाऊजींना सांगितलं तर ते पाटावरून उठूनच उभे राहिले. "वहिनी! अहो वहिनी!" एवढंच दोनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी हिरव्या पुठ्ठ्याची वही आली.

त्यांना कुठला धीर निघतोय. मला न विचारता एके दिवशी एकटेच गल्ल्या फिरून आले, चेहरा पांढराफटक. वहीत पानंच्या पानं भरलेली. "वहिनी, आख्खा मोहल्ला! एका घरातून वास नाही. आपल्याला शहर सोडावं लागेल." मी खिडकीतून गुलाबला हाक मारली. ती ऐकून जी हसत सुटली! "अरे मास्टरजी, आज तो बासोड़ा है! आज कौन चूल्हा जलावै छै?" होळीनंतर आठव्या दिवशी इथे शीतलामातेचा सण असतो, सगळ्या गावात आदल्या दिवशीचं शिळं खायचं, चूल बंद. आपल्याकडे शीतळा सप्तमी श्रावणात. इथे हा सण चैत्राच्या तोंडावर, हे इतकी वर्षं राहूनही त्या दिवशी आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. गुलाबने पुढे महिनाभर भाऊजी दिसले की नाक वर करून हवा हुंगायची नक्कल केली. चंदाही करायला लागली. भाऊजी स्वतःच हसत. मात्र ती पानं त्यांनी फाडली नाहीत. त्यावर लिहून ठेवलं, "खुणेचा अर्थ सांगणारा माणूस बरोबर नसेल, तर खूण खोटं बोलते."

त्यानंतर आम्ही दोघं जोडीने फिरायला लागलो. म्हणजे मी पिशवी घेऊन पुढे, ते चार पावलं मागे. बिनवासाचं घर लागलं की मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. मग दुसऱ्या दिवशी मी एकटी त्या घरी जायचे, ताक नाहीतर दही घेऊन. बायकांशी बोलायचे. सुरुवातीलाच सांगायचे, "मैं किसी को नहीं बताऊँगी. मेरी ज़बान है." रोगी घराला आम्ही हात लावायचो नाही. भाऊजींच्या ओळखीचे एक म्हातारे देवी काढणारे होते. ते आसपासच्या दहा-वीस घरांत जाऊन मुलांना टोचून यायचे, मधलं आजारी घर कुठलं ते न सांगता. भाऊजींनी कॉलेजातल्या मुलांकडून मूठ मूठ धान्य गोळा केलं होतं. ते आजारी घराच्या दाराशी ठेवायचं, म्हणजे कर्त्या पुरुषाला चार दिवस घरात बसता यावं. ते म्हणायचे, "रोग सांगण्याची किंमत उतरवली की माणसं आपणहून सांगतील." आणि खरंच हो, महिन्याभरात बायका आपणहून जिना चढून यायला लागल्या. "भाभीजी, म्हारै घर माता पधारी छै..." कानात सांगायच्या. माझ्या आयुष्यात मला इतका मान कधी मिळाला नव्हता, हेही कबूल करते.

गुलाबने मात्र चंदाला टोचून घेतलं नाही. त्या गोल फिरवायच्या दातेरी सुईची पोरीला भीती, आणि आईला पोरीच्या रडण्याची. गुलाब म्हणाली, "सारे मोहल्ले ने तो टीका लगवा लिया भाभीजी, अब बीमारी आवेगी कहाँ से?" भाऊजी ते ऐकून खूश झाले. खूश! "वहिनी, बघा, जसंच्या तसं पुस्तकातलं उदाहरण. बाकीच्यांनी भिंत बांधली, हिला सावली फुकट." वहीत लिहूनही घेतलं. मी म्हटलं, "लिहिताय काय, तिला समजावा." म्हणाले, "समजावतो, पुढच्या वेळी." मी तरी कुठे नेट लावला? मलाही वाटलं, पुढच्या वेळी.

त्या उन्हाळ्यात भाऊजींनी इंग्रजीत एक टिपण लिहिलं. अर्थशास्त्राच्या लोकांनी ते परत पाठवलं, हे वैद्यकाचं आहे म्हणून. वैद्यकाच्या लोकांनी परत पाठवलं, हे अर्थशास्त्राचं आहे म्हणून. शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर ते आरोग्य खात्यातल्या, हार पाठवणाऱ्या त्या साहेबांना भेटले. साहेबांनी चहा पाजला, पाठ थोपटली, पुढच्या हंगामात सगळ्या शहरात हे करू म्हणाले. फक्त एक, वही बघायला हवी. कुठल्या गल्लीत, कुठलं घर, ते बघितल्याशिवाय पद्धत पटायची कशी? भाऊजी घरी आले ते जवळजवळ उड्या मारतच. मी विचारलं, "वही दिलीत?"

"चार दिवसांपुरती. साहेबांनी शब्द दिलाय, कुणाला त्रास होणार नाही."

"आणि मी दिलाय त्याचं काय?"

"वहिनी, आपल्या एका गल्लीचं कितीसं? आख्ख्या शहराचा प्रश्न आहे."

"तुम्हीच म्हणाला होता ना, धमकी दिली की माल खोल दडतो?"

"धमकी कुठाय यात? ही व्यवस्था आहे."

त्यांचा त्या 'व्यवस्था' शब्दावर विश्वास होता हो. आमच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसांचा होताच. सरकार आपलं, साहेब आपलेच, कागद नीट लिहिला की पुढचं नीट होणार. मी अडाणी, मला माहीत होतं की माणसाचं नाव कागदावर चढलं की ते कागदाचं होतं. पण मीही ओरडून घर डोक्यावर घेतलं नाही. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे, श्रीधर विचार करूनच करतो," आणि मी गप्प बसले.

वही चार दिवसांत परत आली, पण नक्कल उतरवून घेतलेली. पुढच्या फाल्गुनात पहिली केस झाली आणि दुसऱ्याच सकाळी गल्लीच्या तोंडाशी लॉरी उभी. दोन शिपाई, एक इन्स्पेक्टर, हातात टाइप केलेली यादी. आदल्या वर्षीची घरं, ओळीने. आत घुसून पांघरुणं उचलून पाहिली. अंगावर पुरळ उठलेल्या एका म्हातारीला खाटेसकट उचललं, ती शेवटपर्यंत ओरडत होती की मला घामोळं आलंय म्हणून. ज्या घरात यंदा काही नव्हतं तिथेही दारावर चुन्याने फुली मारून गेले. आणि मग तो इन्स्पेक्टर चौकात उभा राहून मोठ्याने म्हणाला, "जिस घर से छौंक की ख़ुशबू नहीं आएगी, उसकी तलाशी होगी!" छौंक म्हणजे फोडणी. खिडक्याखिडक्यांतून बायका ऐकत होत्या. मग एकेकीची मान आमच्या जिन्याकडे वळली. कुणी शिवी दिली नाही. त्या दिवसापासून मी नळावर गेले की बायका आपली भांडी अर्धी भरलेली तशीच उचलून जायच्या. गुलाबने समोरची खिडकी लावून घेतली. चंदाचं जिना चढणं बंद झालं. म्हाताऱ्या देवी काढणाऱ्याला तर गल्लीत कुणी पाऊल टाकू देईना.

आणि आठ दिवसांत गल्लीला वास सुटला! प्रत्येक घरातून, दोन्ही वेळा, हिंग. भाऊजींना फिरणं सोडवत नव्हतं, एकटेच जायचे, नाक वर करून, आणि येऊन म्हणायचे, "वहिनी, यंदा कमी दिसतेय साथ. सगळीकडे फोडणी आहे." त्यांना खरंच तसं वाटत होतं, की तसं वाटून घ्यायचं होतं, देव जाणे.

आता ती गोष्ट. तेलात पडलेल्या हिंगाचा वास निराळा आणि नुसत्या निखाऱ्यावर टाकलेल्या हिंगाचा निराळा. तेलातला गोल असतो, त्याच्यामागून जिरं येतं, चर्र आवाज येतो, मग भाजीचा ओला वास. निखाऱ्यावरचा उग्र, कोरडा, नाकात टोचतो आणि तिथेच संपतो. त्याच्यामागून काही येत नाही. पुरुषाला हा फरक कळायचा नाही. मला कळतो. एका सकाळी समोरच्या, गुलाबच्या घरातून मला तो कोरडा वास आला. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा... सानेची घरघर बंद होती. मला कळलं. चंदा. मी खिडकीत उभी राहिले. भाऊजी पाटावर बसून चहा पीत होते, त्यांनी विचारलं, "काय झालं वहिनी?" मी म्हटलं, "काही नाही."

का म्हटलं? एकदा सांगून बघितलं होतं, त्याचं काय झालं ते पाहिलं होतं. पुन्हा सांगितलं तर हे कुणाला तरी भेटायला जातील, कुणीतरी शब्द देईल, आणि लॉरी येऊन त्या पोरीला आईपासून तोडून माळावर नेईल. मी स्वतःशी म्हटलं, गुलाबला पोरीजवळ तेवढं तरी राहू दे. दोनदा ताकाचा तांब्या घेऊन जिना उतरले. दोनदा तिच्या दाराशी उभी राहिले, कडीला हात लावला नाही. तिने उघडलंच नाही तर? आणि उघडलं तर काय तोंड दाखवू? लाज मोठी वाटली मला, पोरीच्या जिवापेक्षा. सहाव्या की सातव्या दिवशी सकाळी गुलाबचं रडणं ऐकू आलं आणि सगळी गल्ली खाली आली.

आम्ही दोघं गेलो. गुलाब दाराशी बसली होती. आमच्याकडे बघून ओरडेल, दगड मारेल असं वाटलं होतं. मारला असता तर बरं झालं असतं. ती भाऊजींना म्हणाली, अगदी शांतपणे, मोठ्या माणसाला गुन्हा कबूल करावा तसं, "मास्टरजी, मैंने माता के आगे हींग जलाई. दोनों बखत जलाई. गाड़ी के डर से. माता रूठ गई... मैंने मारी म्हारी छोरी को." भाऊजींनी तोंड उघडलं. या माणसाने आयुष्यभर वर्गात हजारो मुलांना समजावलं होतं, पण त्या बाईला सांगायला त्यांच्याकडे एक वाक्य नव्हतं. हिंगाने कुणी मरत नाही, असं म्हणावं? मग कशाने मेली? आजूबाजूच्या पोरांना कुणी टोचू दिलं नाही म्हणून, डॉक्टर आला नाही म्हणून, आणि तो का आला नाही... शेवटी गुलाबनेच त्यांना म्हटलं, "जाओ मास्टरजी, घर जाओ, आपको भी लग जावेगी."

त्या दुपारी मी पानं वाढली. भाऊजींनी फोडणीचं वरण ताटातून परत केलं. "साधं आहे का?" एवढंच विचारलं. नव्हतं. त्यांनी ताकभात खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून मी एक वाटी आधी काढायला लागले. ना त्यांनी कारण सांगितलं, ना मी विचारलं. भाजी असली तरी उकडलेली, मीठ घातलेली. दिवाळीला फराळ करायचे तर ते नुसता रव्याचा लाडू घ्यायचे. तो वास त्यांना सोसवत नसे असं नाही. उंबऱ्यातला पाट त्यांनी सोडला नाही. मी फोडणी द्यायचे, ते डोळे मिटून वास घ्यायचे आणि आपली वाटी ओढायचे. हे सगळं त्यांनी स्वतःला लावून घेतलेलं. आणि मी रोज दोन वेळा त्यांना ती शिक्षा हाताने वाढत होते, अर्ध्या शिक्षेची धनीण असून. "भाऊजी, मला वास आला होता. मला कळलं होतं," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? सहा-सात वर्षांत मला तेवढा वेळ सापडला नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग होता आणि तो राग मला सोयीचा होता.

त्या वर्षी सरकारी कागदावर आमच्या भागातली साथ निम्म्याहून खाली आली. येणारच. सांगतंय कोण? लपवणारे वाढले की आकडे उतरतात. साहेबांना बढती मिळाली, छापून आलं, फोटोसकट. भाऊजींनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, थर्मामीटर फोडला आणि म्हणाले ताप उतरला." त्यानंतर त्यांनी साथ हा शब्द घरात काढला नाही. कॉलेजात मात्र दर वर्षी पहिल्या तासाला गव्हाच्या भावाचा धडा शिकवत राहिले, माल दडतो तो. त्यांच्या एका विद्यार्थ्याने मला शोकसभेनंतर सांगितलं, की त्या तासाला सर एका ठिकाणी नेहमी थांबायचे, खडू खाली ठेवायचे, आणि मग पुढे जायचे. का थांबतात ते कुणाला कळायचं नाही.

आम्ही ती गल्ली सोडली आणि तिलक नगरला राहायला आलो. मोकळी घरं, मधे बागा. शेजारच्या स्वयंपाकघरातला वास इथे येत नाही. गुलाब कुठे आहे मला माहीत नाही. सांगानेरकडे माहेरी गेली असं कुणीसं म्हणालं. देवी अजून आहेत. यंदाच्या फाल्गुनातही होत्या, त्याच परकोट्यात. माणसं अजून लपवतात, आणि लॉरी अजून येते, फक्त रंग बदललाय. हिरवी वही माझ्याकडे आहे. कॉलेजवाल्यांनी पुस्तकं नेली, ती नेताना त्यांनी हीही उचलली होती, मी परत घेतली. म्हटलं, यात काही नाही हो, वाणसामानाच्या नोंदी आहेत.

पाच आठवडे झाले, पण हाताला अजून कळलेलं नाही. वरण शिजलं की डाव आपोआप आधी वाटीकडे जातो. पहिल्या दिवशी ती वाटी भरलेली बघून मी पातेल्यात परत ओतायला गेले आणि थांबले. उंबऱ्यातला पाट अजून तिथेच आहे, मी तो उचललेला नाही. आता पातेल्यातल्या वरणाला फोडणी देते ती ह्यांच्यापुरती. बिनफोडणीची वाटी घेते आणि त्या पाटावर बसून मीच खाते.